लाल कौलांचं घर आणि माझे 2,076 युरो

आकडा आधीच सांगून टाकतो, कारण तो लपवत फिरण्यातच चार महिने गेलेत. 2,076 युरो. फ्रान्समध्ये सुट्टीसाठी भाड्याने घेतलेलं घर खोटं निघालं, त्यात गेले. सासुरवाडीत 'थोडंसं नुकसान झालं' म्हणून सांगितलंय, ऑफिसात तर काहीच सांगितलेलं नाही. आता बायको म्हणाली की गप्प बसून तू त्या चोरालाच मदत करतोयस, म्हणून लिहायला बसलो.

मी मूळचा हर्णैचा, नोकरीमुळे पुण्यात. लहानपणी रोज संध्याकाळी किनाऱ्यावरचा लिलाव बघितलाय, बैलगाड्या पाण्यात घालून मासळी आणायचे ते बघितलंय, त्यामुळे युरोपला जायचं ठरलं तेव्हा पॅरिसनंतर लोक स्वित्झर्लंडला जातात तसं आम्ही जाणार नव्हतो, मला मच्छीमारांचं गाव बघायचं होतं. शोधता शोधता ल गिल्विनेक सापडलं. ब्रिटनीत, फिनिस्तेर जिल्ह्यात, अगदी पश्चिमेच्या टोकाला. छोटंसं गाव, पण फ्रान्समधलं मासेमारीचं मोठं बंदर. तिथली खासियत म्हणजे लाँगुस्तीन, आपल्या शेवंडीचा धाकटा भाऊ म्हणा, बोटी सकाळी अंधारात जातात आणि दुपारी साडेचार-पाचला एकामागून एक परत येतात, मासळी जिवंत. बंदरावरच्या गच्चीवरून लोक ते बघतात. हे वाचलं आणि माझं ठरलंच. मी, बायको आणि आई, 14 ते 21 ऑगस्ट 2025.

घर एका जाहिरातींच्या साइटवर मिळालं. मच्छीमाराचं जुनं घर, पांढऱ्या भिंती, निळ्या खिडक्या, बंदर तीन मिनिटांवर. रात्रीचे 130 युरो, सात रात्रींचे 910, वर 250 डिपॉझिट. आजूबाजूची तशी घरं त्या आठवड्यात 180-200 च्या खाली नव्हती. पुढचं तुम्हाला माहितीच आहे, साइटवर बोलणं सुरू झालं आणि दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअपवर गेलं, 'साइट फार कमिशन कापते, तुम्ही डायरेक्ट बँकेत भरा'. घराची मालकीण म्हणवणारी ती बाई फार गोड बोलायची. आईच्या गुडघ्यांसाठी खालच्या मजल्यावर बेड लावून ठेवते म्हणाली. पाच पानी करार पाठवला, फ्रेंचमध्ये, शिक्का-सही सगळं, सोबत तिच्या ओळखपत्राचा फोटो. (तो फोटो कुण्या दुसऱ्याच फसलेल्या बाईचा असणार हे आता कळतंय. भाड्याच्या घरासाठी स्वतःच्या पासपोर्टचा फोटो कुणालाही पाठवू नका, माझाही तिच्याकडे आहे आणि आता तो कुठे वापरला जातोय देव जाणे.)

आता तो क्षण. रात्री अडीच वाजता जाग येते तेव्हा मी तिथेच जाऊन पोचतो.

मे महिन्यात बँकेत पैसे पाठवायला गेलो. परदेशात पैसे पाठवायचा ए-2 फॉर्म भरला, प्रवासाचा कोड टाकला, काउंटरवर एक पोरगा होता, पंचवीस-सव्वीसचा असेल. त्याने आयबॅन, म्हणजे तिकडच्या बँक खात्याचा नंबर, टाईप करता करता थांबून वर बघितलं आणि विचारलं, "सर, घर फ्रान्समध्ये आहे ना? मग अकाउंट लिथुआनियाचं कसं?" नंबर एलटीने सुरू होत होता. फ्रान्सचा नंबर एफआरने सुरू होतो आणि 27 अक्षरांचा असतो, हा 20 चा होता. वर खात्यावर नाव भलत्याच कुठल्यातरी पुरुषाचं. मी त्याला काय म्हणालो? म्हणालो, "अरे, ती त्यांच्या भाच्याची ऑनलाइन बँक आहे, युरोपात सगळं एकच असतं, तू प्रोसेस कर." मागे रांगेतले लोक ऐकत होते म्हणून जरा जोरातच म्हणालो. पोरगा 'ओके सर' म्हणाला आणि त्याने प्रोसेस केलं. भाच्याचं मी मनाने रचलेलं नव्हतं, बाईने आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. म्हणजे हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं आणि उत्तर तिने माझ्या तोंडात आधीच भरून ठेवलं होतं.

1,160 युरो, बँकेचा दर 97.80, झाले 1,13,448 रुपये, वर चार्जेस जीएसटीसकट 1,180. एकूण 1,14,628.

माझी बाजूही ऐका. तोच करार मी व्हिसाच्या फाइलमध्ये राहण्याचा पुरावा म्हणून लावला होता आणि व्हिसा मिळाला! तिघांचा! मला वाटलं फ्रान्सच्याच लोकांनी कागद बघून व्हिसा दिला म्हणजे घर असणारच. तर तसं काही नसतं, ते घर आहे की नाही बघायला कुणी जात नाही. दुसरं म्हणजे मी गल्लीचं नाव नकाशावर टाकून बघितलं होतं, घर दिसत होतं, तेच, पांढरं, निळ्या खिडक्यांचं. म्हणजे मी अगदीच डोळे मिटून उडी मारली असं नाही.

पण फोटो. एकूण अकरा फोटो होते, त्यात एक बेडरूमच्या खिडकीतून काढलेला. खाली बंदर, रंगीत होड्या, आणि मध्ये शेजारच्या घरांची लाल कौलं. मी तो आईला दाखवला होता, म्हटलं बघ, आपल्या हर्णैसारखीच कौलं आहेत. आईने तो बहिणीला पाठवला. त्या एका फोटोवर आम्ही तिघं भाळलो होतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाईचा मेसेज आला की चादरी-टॉवेल आणि टूरिस्ट टॅक्सचे 96 युरो राहिलेत. परत बँकेत जायचा कंटाळा आला म्हणून जर्मनीतल्या मावसभावाला भरायला सांगितले, त्याने पाच मिनिटांत भरले. आता 9 ऑक्टोबर 2025 पासून युरो चालणाऱ्या देशांतल्या बँकांना खात्याचं नाव आणि आयबॅन जुळतं की नाही ते पैसे पाठवायच्या आधी दाखवावं लागतं, दोन महिने आधी हा नियम आला असता तर निदान तिथे तरी अडलो असतो. भारतातून पाठवताना मात्र तसं काही दिसत नाही, पैसे नंबरवर जातात, नाव तुम्ही कुणाचंही लिहा.

14 तारखेला पॅरिसच्या माँपार्नास स्टेशनवरून कँपेरपर्यंत गाडी, चारेक तास, तिथून बसने गाव. बस गावात शिरली आणि माझं लक्ष छपरांकडे गेलं. सगळी काळी. आपल्या शाळेच्या पाटीचा दगड असतो ना, त्याची छपरं, राखाडी-काळी, एकूण एक घर तसं. लाल कौल औषधालाही नाही. ब्रिटनीत अशीच असतात, ही गोष्ट कुठल्याही फोटोत दोन मिनिटांत दिसली असती. लाल कौलं तिकडे दक्षिणेला, भूमध्य समुद्राच्या बाजूला. घराचा बाहेरचा फोटो इथला आणि खिडकीतून दिसणारा समुद्र दुसराच, पार दुसऱ्या टोकाचा. कोकणात वाढलेला माणूस मी, छप्पर बघून गाव ओळखायला हवं होतं, पण मीच आईला ती कौलं कौतुकाने दाखवत बसलो. बसमध्येच पोटात गोळा आला, पण बायकोला काही बोललो नाही.

बेल वाजवली. सत्तरीच्या पुढची एक बाई, हातात भांडी पुसायचा कपडा. मी मोबाईलवरचा करार पुढे केला. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन ओळी वाचल्या आणि म्हणाली, "आँकोर!"

आँकोर म्हणजे 'परत!'. शेजारचा एक जण इंग्रजी बोलणारा निघाला, त्याने सांगितलं की त्या उन्हाळ्यात तिच्या दारात बॅगा घेऊन आलेले आम्ही तिसरे. घर तिचं, ती तिथेच राहते, आयुष्यात कधी भाड्याने दिलेलं नाही. तिने आईसाठी खुर्ची बाहेर आणून ठेवली, पाणी दिलं. आई मला मराठीत म्हणते, "अरे, या बाईच्या घरात आपण कशाला राहणार होतो?" मी काय उत्तर देणार.

15 ऑगस्टला तिकडेही सुट्टी असते, मेरीमातेचा सण, त्यामुळे गावात-आसपास एक खोली मिळेना. शेजाऱ्याने पाऊण तास फोन केले तेव्हा कँपेरला दोन खोल्या मिळाल्या, रात्रीचे 246. टॅक्सी यायला तास होता, तोवर धक्क्यावर बॅगांवर बसलो. आणि नेमक्या तेव्हाच बोटी आल्या. लाल-निळ्या-पांढऱ्या, मागे सीगलची झुंबड, क्रेटमध्ये वळवळणारी गुलाबी लाँगुस्तीन. गच्चीवर लोक आइस्क्रीम खात टाळ्या वाजवत होते. ज्याच्यासाठी एवढा खर्च केला ते समोर चाललं होतं आणि मी मोबाईलवर त्या बाईला 'प्लीज रिप्लाय' टाईप करत होतो. एक टिक. ब्लॉक केलं होतं.

आता पोलिसांचं. तिकडे लहान गावांत जॉन्दार्मरी असते, पोलीसच पण वेगळं खातं. त्या भागातल्या एका चौकीत गेलो, 15 ला दार बंद, बाहेर एक बटण, ते दाबलं की दूर कुठूनतरी आवाज येतो, 'कुणाचा जीव धोक्यात आहे का? नाही? मग उद्या या.' 16 ला गेलो. दीड तास बसवलं. साहेबांचं म्हणणं असं की पैसे इंडियातून गेले, लिथुआनियात गेले, यात फ्रान्सचा संबंध काय? मी म्हटलं घर फ्रान्सचं, गाव फ्रान्सचं, नाव वापरलं ते फ्रान्सचं, आणि ती म्हातारी तुमचीच आहे ना, तिच्या दारात तिसरं कुटुंब उभं राहिलं! त्यांनी खांदे उडवले आणि एका कागदावर वेबसाइटचा पत्ता लिहून दिला, ऑनलाइन तक्रार करा म्हणून. रात्री उघडलं तर त्याला फ्रान्सकनेक्टचं लॉगिन लागतं, म्हणजे तिथल्या सरकारी कामांचं खातं. टूरिस्टकडे ते कुठून येणार? म्हणजे बाहेरच्या माणसाला लुटलं तर त्याने आधी फ्रान्सचा रहिवासी व्हायचं आणि मग तक्रार करायची.

आणि हे मला परतीच्या गाडीत वाचताना कळलं, तुम्ही आत्ताच लिहून ठेवा: तिथल्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 15-3, गुन्ह्याला बळी पडलेल्याची तक्रार पोलिसांना आणि जॉन्दार्मरीला घ्यावीच लागते, हद्द त्यांची नसली तरी. फोनमध्ये फ्रेंचमध्ये सेव्ह करा आणि साहेबांसमोर धरा. माझ्याकडे असतं तर खांदे उडवताना जरा तरी विचार केला असता.

तीन रात्री काढल्या, 738 युरो, आणि पॅरिसला ओळखीच्यांकडे गेलो. टॅक्सीचे 82. करा बेरीज.

पुण्यात आल्यावर दुसरा अंक. बँक म्हणते तुम्ही स्वतः सही केली, ऑथोराइज्ड ट्रान्झॅक्शन आहे. बरोबर आहे, सही माझीच आहे. पण रिकॉलचा, म्हणजे गेलेले पैसे परत मागवायचा, अर्ज घ्यायला तीन चकरा का मारायला लावल्या? एकदा मॅडम रजेवर, एकदा सिस्टीम स्लो, एकदा म्हणे फॉर्म जुना झाला. पोलीस ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, "पैसे तुम्हीच पाठवले ना?" आणि दुसरा, "आमच्या हद्दीत काय घडलं?" अहो, पैसे पुण्यातल्या बँकेतून गेले, तुमच्या ठाण्यापासून चालत सहा मिनिटांवरच्या! भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द कुठलीही असो, झिरो एफआयआर घ्यावाच लागतो, हे मी छापून नेलं होतं, तर 'साहेबांना विचारतो' म्हणून कागद ठेवून घेतला. तो कागद अजून त्यांच्याकडेच आहे. ट्रॅव्हल इन्शुरन्स होताच, शेंगेन व्हिसाला 30,000 युरोंचं वैद्यकीय कव्हर लागतंच, तर त्यांच्या फोनवरचा मुलगा म्हणाला सर हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाला असता तर झालं असतं. हे तो मनापासून म्हणाला हो, टोमणा नव्हता.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायचा तो पैसे गेल्या गेल्या, पहिल्या तासा-दोन तासांत. मी तीन महिन्यांनी केला, त्यांना तरी काय दोष देणार.

सगळ्यात सोपी गोष्ट मी केलीच नाही. त्या गावांना टूरिस्ट ऑफिस असतं, ग्रामपंचायतीसारखी मेरी असते, त्यांना दोन ओळींचा ईमेल टाकायचा की अमुक गल्लीत असं घर भाड्याने मिळतं का. शेजारी म्हणाला की ते उत्तर देतात. फुकट. फोटो गुगलवर उलटा शोधायचा, तेही फुकट, लाल कौलांचा फोटो मी आता शोधला तर चार वेगवेगळ्या जाहिरातींत निघाला. व्हिडिओ कॉलवर 'खिडकी उघडून दाखवा' म्हणायचं. मी म्हटलं होतं एकदा, ती म्हणाली भाडेकरू आहेत आत, त्यांना त्रास कशाला. मला तेव्हा ती चांगल्या वळणाची वाटली.

आणि बँकेतला पोरगा काही विचारत असेल तर त्याला विचारू द्या. मी परवा त्याला भेटायला गेलो होतो, त्याची बदली झालीय.

रिकॉलचं उत्तर डिसेंबरात आलं, पलीकडच्या बँकेकडून प्रतिसाद नाही, केस क्लोज्ड. त्या अर्जाची फी म्हणून माझ्या खात्यातून 500 आणि वर 18 टक्के जीएसटी, असे 590 रुपये कापलेत. हे 590 कधी कापणार ते आधी सांगितलं नव्हतं. ते परत मिळावेत म्हणून सोमवारी लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय, शिक्क्यासकट.