टेस्टोस्टेरॉन: लगेच सुरू करायचं की आधी वजन उतरवायचं?
रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, कमी (समजा २८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर) दिसलं की त्याच्या इंजेक्शनचा विचार सुरू होतो. नमुना दुपारी ४ वाजता दिलेला असेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा. तपासणी सकाळी ७ ते १०, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा. सोबत एलएच, एफएसएच (मेंदूकडून वृषणांना आदेश देणारे हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन (मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीचा आणखी एक हार्मोन).

एलएच-एफएसएच चढलेले आणि टेस्टोस्टेरॉन खाली, म्हणजे बिघाड वृषणातच. लक्षणंही असतील तर थांबून फारसं हाती लागत नाही. पण पोट सुटलेलं, साखर वाढलेली, रात्री घोरणं आणि एलएच साधारण असेल, तर गोष्ट वेगळी. लठ्ठपणात एसएचबीजी (रक्तात टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन) उतरतं, त्यामुळे एकूण आकडा पडलेला दिसतो. फ्री टेस्टोस्टेरॉन (न बांधलेलं, शरीराला वापरता येणारं) बरेचदा ठीकच निघतं. अशांनी आधी वजन दहा टक्के उतरवावं, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत श्वास अडखळणं) तपासून घ्यावा. सहा महिने सहज जातात, पण गमावण्यासारखं काही नसतं.

इंजेक्शनचं तसं नाही. बाहेरून हार्मोन मिळाला की मेंदू एलएच सोडणं आवरतं घेतो आणि शुक्राणू शून्यावर जाऊ शकतात. बंद केल्यावर परतायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. नजीकच्या काळात मूल हवं असेल तर हा रस्ता नकोच. शिवाय रक्त दाट होतं: हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) ५४ टक्क्यांवर गेलं की डोस थांबवावा लागतो. म्हणून ३ ते ६ महिन्यांत सीबीसी (रक्तपेशींची तपासणी), चाळिशीनंतर पीएसएही (प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी).

इंजेक्शनऐवजी टेस्टोस्टेरॉनचं जेल घेतलंत तर लावल्यावर हात साबणाने धुवा, सुकलं की खांदा कपड्याने झाका. उघड्या खांद्यावर लहान मूल घेतलं तर औषध त्याच्या अंगाला लागतं.