फ्लॅटबेडखालची पेटी घेताना आधी तिचं दार बघा

उघड्या ट्रेलरवर माल नेणाऱ्याकडे स्वतःचंही बरंच सामान असतं. साखळ्या, त्या ताणून आवळायचे बाइंडर, बेल्ट, कोपऱ्यांना लावायचे गार्ड, ताडपत्र्या, रबराचे पट्टे, लाकडी ठोकळे. हे सगळं ठेवायला मी ट्रेलरखाली ॲल्युमिनियमच्या चेकर्ड प्लेटच्या दोन पेट्या लावल्या आणि केबिनच्या मागे साखळ्या टांगायचा रॅक बसवला. पाऊस, चिखल, खडीचे रस्ते सगळं या पेट्यांनी पाहिलंय, त्यामुळे आता ठामपणे लिहितो.

पेटीच्या मापाकडे जाण्याआधी एक गोष्ट ठरवा. तुमचा ट्रेलर कायम तुमच्याबरोबर राहतो, की एक सोडून दुसरा जोडावा लागतो? ट्रेलर बदलत असेल तर सामान हॉर्सवरच, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीवरच हवं, तिथे केबिनमागचा रॅक आणि चेसिसवरची छोटी पेटी. नाहीतर दर वेळी सगळं उतरवून पुन्हा भरत बसावं लागतं. माझा ट्रेलर ठरलेला आहे, म्हणून मोठ्या पेट्या खाली घेतल्या. रॅकवर फक्त लागतील तेवढ्या साखळ्या ठेवतो.

रॅकवर सगळं का नाही? वजनामुळे. १० मिमीची ग्रेड ७० साखळी (ग्रेड म्हणजे ताकदीचा दर्जा), तीच सोनेरी पिवळी, २० फुटांची एक घेतली तर १३-१४ किलो भरते. अशा दहा साखळ्या आणि त्यांचे दहा रॅचेट बाइंडर धरले तर १९० किलोच्या आसपास जातं. एवढं ओझं खांद्याच्या उंचीवरून रोज काढा-घालायचं, तेही ओल्या हातमोज्यांनी, हे मला पटत नाही. जड सामान कमरेच्या खाली आणि ट्रेलरच्या मध्याजवळ असलं की काढायला सोपं पडतं.

ॲल्युमिनियम की लोखंड, हा वाद ड्रायव्हर मंडळींत कधी संपत नाही. हिशोब साधा आहे. ६० बाय ६० बाय १२० सेंटीमीटरच्या पेटीला ३ मिमीचा ॲल्युमिनियम पत्रा लावला तर नुसत्या पत्र्याचं वजन २९ किलो होतं. तीच पेटी २ मिमी लोखंडाची केली तर ५६. दोन पेट्यांत ५० किलोहून जास्त फरक पडतो, आणि तेवढा माल जास्त बसतो. लोखंडी पेटी दगडाचा मार जास्त सोसते, हे मान्य. पण रंग उडाला की कोपऱ्यातून गंज सुरू होतो आणि आत ठेवलेल्या बेल्टांना तांबडे डाग पडतात.

आता दार. माझ्या अनुभवात पेटीचा पत्रा क्वचित दगा देतो, दगा देतं ते दार. दुकानात उभं राहून दार उघडा, ते लोंबकळू द्या आणि मोकळी कड हाताने वर-खाली हलवून पाहा. दोन सुट्या बिजागऱ्या असतील तर तिथेच खडखड जाणवते. या पेट्यांना दाराच्या पूर्ण लांबीची बिजागरी आहे, तिची सळई स्टेनलेस स्टीलची आहे, आणि दार अजून सरळ रेषेत बसतं. मग सील तपासा. कागदाची पट्टी सीलवर ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. ती घट्ट ओढली गेली पाहिजे. चारही बाजूंना असंच करा, खासकरून खालच्या कोपऱ्यांत, कारण चाकांनी उडवलेलं पाणी खालून येतं. पोकळ नळीसारखं फुगीर रबर असेल तर ते दाबलं जाऊन फट भरतं. चपटी फोमची पट्टी चिकटवलेली असेल तर ती पेटी सोडून द्या. दार लांब असेल तर दोन्ही टोकांना पकडणारी कडी हवी. मधल्या एकाच कडीवर टोकं उघडी पडतात.

बसवण्याचं काम माहीतगार फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या. ट्रेलरच्या मुख्य बीमच्या खालच्या पट्टीला भोक पाडायला किंवा वेल्डिंग करायला निघालेल्या माणसाला थांबवा, बीमची ताकद तिथेच असते. क्लॅम्पचे ब्रॅकेट लावा. ब्रॅकेट लोखंडी आणि पेटी ॲल्युमिनियमची असेल तर मध्ये रबराची पट्टी हवीच. दोन वेगळे धातू ओलाव्यात, त्यातही मिठाच्या पाण्यात, एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खात जातं आणि बोल्टाभोवती पांढरी भुकटी जमते.

जागा ठरवताना बेल्टचे विंच, म्हणजे बेल्ट गुंडाळून ताणायचे रूळ, विसरू नका. ते ट्रेलरच्या कडेखालीच असतात. विंचचा दांडा खाली ओढताना पेटीत अडकला तर बेल्ट नीट ताणता येत नाही. पेटी थोडी आत घ्या किंवा विंच सरकवा. हवेच्या टाकीचा पाणी सोडायचा व्हॉल्व्ह झाकला जाऊ देऊ नका. आणि रोज उघडायची पेटी रस्त्याच्या कडेच्या बाजूला घ्या. वाहत्या ट्रॅफिककडे पाठ करून खाली वाकायची वेळच येऊ नये.

तक्रारी दोन आहेत. तळाला पाणी निघायला भोक नव्हतं, ते मी पाडून घेतलं. ओल्या साखळ्यांचं पाणी कुठेतरी जायला हवं. आणि कुलपावर धुळीचं झाकण नाही. बारीक माती आत जाते आणि चावी अडते. एवढ्या चांगल्या कामाला ही कसर शोभत नाही. तळाला जाड रबरी चटई घालावीच लागते, नाहीतर साखळी पत्रा घासून काढते.

बेल्ट मात्र साखळ्यांच्या पेटीत ठेवू नका. पॉलिस्टरला ऊन सोसत नाही म्हणून ते पेटीत हवेत, पण साखळीचं तेल आणि खडा धाग्यांत शिरला की धागे कातरतात. दुसरी पेटी मी फक्त बेल्ट आणि गार्डांना दिलीय. बेल्ट गुंडाळून उभे लावतो, म्हणजे फाटलेली कड लगेच दिसते. लाकडाच्या मालावरची मोठी ताडपत्री एकेक ५० किलोपर्यंत जाते. ओली असेल तर याहून जास्त. ती बंद पेटीत कोंडली तर कुबट वास येतो, म्हणून तिला उघडा ट्रेच बरा.

स्वतःचा ठरलेला ट्रेलर आणि साखळ्यांचं काम असणाऱ्याने ही पेटी बिनधास्त घ्यावी. फक्त पैसे देण्याआधी सील आणि कडी सुटी मिळते का, हे विचारून घ्या. माझ्या एका पेटीचं सील बदलून झालंय. त्याच मापाचं नवं मिळालं आणि जुनं ओढून काढून नवं दाबून बसवायला कोणाची मदतही लागली नाही.