कॉन्वी किल्ला: तिकीट काढण्याआधी शहराच्या तटावर चढा

इंग्लंडचा राजा पहिल्या एडवर्डने उत्तर वेल्समध्ये बांधलेल्या किल्ल्यांपैकी एकाच किल्ल्याला वेळ देता येणार असेल, तर तो कॉन्वीला द्यावा. सजवलेली दालनं बघायची असतील तर मात्र इथे येऊ नका. पलंग, पडदे, तसबिरी यातलं काहीही नाही, बहुतेक ठिकाणी छप्परसुद्धा नाही. १६६५ मध्ये मालकानेच शिसं, लोखंड आणि लाकूड काढून नेलं. दगडी सांगाडा मात्र जवळजवळ पूर्ण उंचीने उभा राहिला, आणि मध्ययुगीन किल्ला कसा नांदता होता हे या उघड्या भिंती फार स्पष्ट सांगतात.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी शहराची तटबंदी बघा, तिला तिकीट नाही. लांबी १.३ किलोमीटर, २१ बुरूज, तीन जुने दरवाजे. फांजी, म्हणजे तटावरची चालायची वाट, सलग नाही, मध्येमध्ये खाली उतरून पुन्हा चढावं लागतं. यातले बहुतेक बुरूज शहराच्या बाजूने मुद्दाम उघडे ठेवलेले आहेत. त्या मोकळ्या जागेवर लाकडी फळ्यांचा पूल असायचा. शत्रू तटावर चढलाच, तर दोन बाजूंच्या फळ्या काढायच्या, म्हणजे तो तेवढ्याच तुकड्यावर अडकला. दक्षिणेच्या तटाला बाहेरून एका ओळीत बारा शौचकूप आहेत, तेही चुकवू नका. सर्वांत वरच्या कोपऱ्यातल्या टेहळणी बुरुजावरून खाली शहर, पलीकडे किल्ला आणि मागे नदीचं मुख, असं सगळं एका नजरेत बसतं. किल्ला आणि शहर ही एकाच वेळी आखलेली एकच वास्तू आहे, हे तिथे उभं राहिल्यावर पटतं.

आता किल्ला. आत शिरण्याआधी बाहेरून बुरुजांकडे नीट पाहा. गोलाईवर चौकोनी भोकं दिसतील, काही ठिकाणी ती तिरकी वर चढत गेलेली. ही परांचीच्या वाशांची भोकं. उतरत्या परांचीवरून माल वर चढवायची पद्धत आल्प्सजवळच्या सॅव्हॉय प्रांताकडची, आणि कामाचा प्रमुख जेम्स ऑफ सेंट जॉर्ज तिथूनच आलेला. भिंतीवर कुठेकुठे पांढऱ्या चुन्याचे डाग उरलेत. हा सगळा किल्ला एके काळी पांढराशुभ्र होता. १२८३ ते १२८७ एवढ्याच काळात, सुमारे १५,००० पौंड खर्चून तो उभा राहिला!

पश्चिमेच्या दरवाज्यावर थांबून मान वर करा. भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी आधारांवर पुढे काढलेला कठडा आणि त्याच्या तळाची भोकं दिसतील, खाली उभ्या माणसावर थेट मारा करायची सोय. ब्रिटनमधल्या अशा दगडी रचनांपैकी ही सर्वांत जुन्यांतली मानली जाते. एवढं करूनही १४०१ मध्ये वेल्श बंडखोर ट्युडर भावांच्या माणसांनी सुतार असल्याचं सांगून किल्ला घेतलाच.

आत दोन चौक, आठ बुरूज. बाहेरच्या चौकातलं मोठं दालन सुमारे ३८ मीटर लांब आहे आणि खडकाच्या कडेप्रमाणे किंचित वाकलेलं. छप्पर पेलणाऱ्या दगडी कमानींपैकी एकच उभी आहे. बुरुजांच्या आत घाई करू नका. मजले गेलेत, त्यामुळे शेकोटीचे कोनाडे अधांतरी दिसतात. त्यांच्या खालची चौकोनी खाचांची रांग म्हणजे मजल्याच्या तुळयांची पातळी, आणि भिंतीत तिरकी चढलेली रेघ म्हणजे छपराची जागा. एवढं ओळखता आलं की रिकाम्या बुरुजात खोल्या दिसायला लागतात. दोन चौकांमधल्या आडव्या भिंतीपाशी सुमारे २८ मीटर खोल विहीर आहे. आतला चौक राजाचा होता, बाहेरचा चौक पडला तरी तो स्वतंत्रपणे लढवता यावा अशी रचना. तिथल्या चॅपल बुरुजातली छोटी प्रार्थनेची खोली ही किल्ल्यातली सर्वांत सुंदर जागा.

छोटे मनोरे फक्त आतल्या चौकाच्या चार बुरुजांनाच आहेत. यातला जो उघडा असेल त्यावर चढा. खाली अभियंता टेलफर्डचा १८२६ चा झुलता पूल दिसतो, त्याचे मनोरे किल्ल्याला शोभतील असे बांधलेत. शेजारीच स्टीफन्सनचा लोखंडी नळीचा रेल्वेपूल.

उणिवा आहेत. माहितीफलक त्रोटक आहेत, त्यामुळे आतला नकाशा असलेली पुस्तिका घ्याच, नाहीतर निम्म्या गोष्टी नजरेतून सुटतात. चक्री जिने अरुंद आणि झिजलेले. वरून कुणी उतरत असेल तर मध्येच थांबायला जागा नसते, म्हणून आधी हाक द्या आणि पाठीवर मोठी सॅक नको. पाऊस पडला की पायऱ्या निसरड्या होतात. जोराचा वारा असेल तर वरचे भाग बंद ठेवतात, तेव्हा निघण्याआधी वेल्समधल्या जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या 'कॅडू' या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर चौकशी करा. गुडघे दुखत असतील किंवा चाकाची खुर्ची असेल, तर किल्ल्याचा मोठा भाग बघता येणार नाही, हे आधीच धरून चला.

तट आणि किल्ला मिळून निवांत तीन तास ठेवा. पूर्वेकडच्या पुलावरून फोटो हवा असेल तर सकाळचं ऊन बरं, आणि भरतीची वेळही पाहून ठेवा, ओहोटीला समोर नुसता चिखल असतो. कॉन्वी स्टेशन अगदी जवळ आहे, पण गाडी मागणी केल्यावरच थांबते. चढताना गार्डला सांगा, परतताना फलाटावरून हात दाखवा. ते नको असेल तर लँडडनो जंक्शनला उतरून पुलावरून चालत या. किल्ल्याचं पहिलं दर्शन त्या वाटेनेच जास्त चांगलं होतं.