नर्सरीतून विकत आणलेली रुई

फुलपाखरांसाठी रुई विकत आणली म्हटल्यावर नाशिकला आमच्या गल्लीत सगळ्यांना नवल वाटलं. मोकळ्या प्लॉटवर, रुळांच्या कडेला, नासर्डी नदीच्या काठानं ती आपोआप उगवते, मग पैसे कशाला? पण मोठी झालेली रुई उपटून आणली की सहसा जगत नाही, तिचं सोटमूळ फार खोल गेलेलं असतं. म्हणून गंगापूर रोडला सोमेश्वरच्या पुढच्या एका नर्सरीतून 60 रुपयांना रोप घेतलं. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याकडे आता बरेच जण फुलपाखरांसाठी झाडं लावतायत आणि त्यांच्या हाती बहुतेक वेळा दुसरंच रोप पडतं, म्हणून हे सविस्तर लिहिते.

ते दुसरं रोप म्हणजे हळदीकुंकू. लाल-पिवळ्या फुलांचं, कुंडीत फार देखणं. ‘मिल्कवीड’, म्हणजे फुलपाखरांचं चिकाचं झाड, मागितलं की हेच मिळतं, आणि एका नर्सरीत तर त्याच्या पाटीवर ‘देशी’ लिहिलेलं होतं. ते मूळचं अमेरिका खंडाच्या उष्ण भागातलं. मिल्कवीडबद्दल आपण जे वाचतो तेही तिकडचंच असतं. कॅनडा-अमेरिकेतून थंडीसाठी मेक्सिकोपर्यंत जाणारं मोनार्क फुलपाखरू, आणि त्याच्या अळ्यांना लागणारी तिथली झाडं. आपल्याकडे मोनार्कच्याच वंशातला बिबळ्या कडवा आहे, म्हणजे प्लेन टायगर. तो हळदीकुंकवावरही अंडी घालतो, हे खरं. पण इथल्या मातीतलं, इथल्या उन्हातलं त्याचं झाड रुई आहे. एप्रिलच्या उन्हात हळदीकुंकू रोज पाणी मागतं; जमिनीत रुजलेल्या रुईला मी उन्हाळाभर जवळपास काहीच घातलं नाही आणि ती हिरवीगार होती.

नर्सरीतल्या ताईंचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटलं ते औषधाच्या बाबतीत. मी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या, “रुईवर आम्ही काही मारत नाही. हळदीकुंकवावर मात्र मावा किडीसाठी फवारतो, ते नेलं तर लगेच अळ्यांची आशा धरू नका.” इतकं सरळ सांगणारं माणूस या धंद्यात मला तरी क्वचित भेटलंय. काही औषधं झाडाच्या रसात भिनतात, पानं बाहेरून धुऊन उपयोग होत नाही, आणि फुलपाखरू ज्या पानावर विश्वासानं अंडं ठेवतं त्याच पानानं अळी मरते. रोप घेताना हा एक प्रश्न विचाराच.

उणिवाही सांगते. पिशवी लहान होती आणि मुळं तळाशी गुंडाळली गेली होती. पिशवीवर नाव नव्हतं. चिकाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, आणि ती गोष्ट गंभीर आहे. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला खरोखर इजा होते. छाटताना हातमोजे घाला, चष्मा लावा, घरात रांगतं मूल असेल तर झाड कुंपणाबाहेर लावा. सासूबाईंचा विरोधही याच कारणानं होता, आणि तो रास्तच होता. म्हणून आमची रुई मागच्या भिंतीपलीकडे आहे.

पावसाळ्यात पहिली अंडी दिसली. पानाच्या मागे एकेकटं, पांढुरकं, खसखशीएवढं. मग काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या, अंगावर काळ्या शिंगांच्या तीन जोड्या. ही अळी पान खाण्याआधी शीर कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मग पुढचा भाग खाते. मी उकिडवी बसून हे कितीतरी वेळ पाहिलंय आणि दर वेळी तितकंच थक्क व्हायला होतं. चिकातलं विष तिच्या अंगात साठतं, मोठं झाल्यावर पक्षी त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. चांदवा नावाच्या फुलपाखराच्या एका जातीची मादी तर बिनविषारी असून हुबेहूब बिबळ्या कडव्यासारखी दिसते आणि वाचते. कोष कधी हिरवा, कधी गुलाबी. फुलं आली की मोठे काळे भुंगे येतात, तो वेगळाच सोहळा.

पानं जून झाली की अळ्यांना नको वाटतात. पावसाळ्याच्या तोंडी निम्मी छाटणी केली की कोवळा फुटवा येतो. पिवळा मावा येतो, तो नुसत्या पाण्याच्या धारेनं पाडावा, पण आधी अंडी बघून. हेच सासूबाईही करतात: शनिवारी मारुतीच्या माळेसाठी पानं तोडताना प्रत्येक पान उलटून बघतात.

पांढऱ्या रुईचं, म्हणजे मांदाराचं रोप तिथे कितीतरी महाग आहे, कारण त्याला पूजेत मान. फुलपाखराला जांभळीही चालते, पैसे वाचवा. फक्त गच्ची असेल तर मात्र हळदीकुंकू घ्या, न फवारलेलं, कारण कुंडीत रुई कोंडते.

नर्सरीवाल्यांना एकच विनंती. रुईच्याच कुळातल्या कंदीलपुष्पाची एक नवी जात 2006 मध्ये आपल्या आंजनेरीच्या डोंगरावरून नोंदली गेली. ती डोंगरावरच राहू द्या, पण उतरण, अनंतमूळ या वेलींची रोपं बियांपासून, कलमांपासून तयार करून ठेवा. अनंतमुळावर हबशी फुलपाखरं अंडी घालतात. पाटीवर नाव नीट लिहा आणि रोप कुठलं तेही लिहा. मी पुढच्या मृगाला दोन्ही मागायला येणार आहे.