मशीन उतरवून देतो म्हणून ३७,२५० रुपये काढले: घरच्या वर्कशॉपसाठी जड मशीन मागवणाऱ्यांनी हे वाचाच

ठरले होते १६,५०० रुपये. गेले ३७,२५०. शिवाय थिकनेसरच्या, म्हणजे फळी एकसारख्या जाडीला रंधणाऱ्या मशीनच्या, दुरुस्तीला ११,४०० वेगळे. चारचौघांत सांगायला लाज वाटते, पण मशीन उतरवून देणाऱ्या त्या माणसाची जाहिरात संभाजीनगर-जालना भागात अजून फिरते आहे, तेव्हा गप्प बसणं म्हणजे त्याला पुढचं गिऱ्हाईक मिळवून देणं.

माल राजकोटचा. एक १८ इंची थिकनेसर-रंधा आणि एक २४ इंची बँडसॉ (पट्ट्याची करवत). पॅकिंग लिस्टवर वजनं स्पष्ट होती: ७८० किलो आणि ४६० किलो, मिळून १,२४०. ट्रान्सपोर्टवाले असला माल घरपोच देत नाहीत, छत्रपती संभाजीनगरच्या गोडाऊनपर्यंतच आणतात. तिथून जालन्यापर्यंतचे साठेक किलोमीटर आणि मशीन घरामागच्या शेडमध्ये जागेवर बसवणं, एवढंच काम बाहेर द्यायचं होतं.

भाव कमी सांगायचा, अ‍ॅडव्हान्स घ्यायचा आणि माल ताब्यात आला की रक्कम वाढवत न्यायची, ही चाल कुणाला माहीत नाही? आम्हालाही होती. म्हणूनच गाडी, दोन्हीकडचा हायड्रा (चाकांवरची क्रेन), चार माणसं आणि जागेवर बसवणं, सगळं धरून १६,५०० हे व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घेतलं. ८,००० अ‍ॅडव्हान्स यूपीआयने दिला. जाहिरात एका फर्मच्या नावाने आणि पैसे मात्र कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात. इथेच थांबा. फर्म खरी असेल तर चालू खातं फर्मच्या नावाचं असतं आणि जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला की तेच नाव दिसतं. महाराष्ट्राचा नंबर २७ ने सुरू होतो, गुजरातचा २४ ने. नंबर मागितल्यावर जो ‘पाठवतो, पाठवतो’ करतो त्याला पुढे बोलूच देऊ नका.

या माणसाचं वेगळेपण असं की त्याने प्रत्येक पैसा एखाद्या बरोबर गोष्टीच्या आडून काढला. वजन करणं बरोबर, मोटर सोडवणं बरोबर, विमा काढणं बरोबर, माथाडींना रीतसर हमाली देणंही बरोबर. जाणत्या माणसाने संशय घ्यावा अशी जागाच त्याने ठेवली नव्हती.

मोटरचंच बघा. थिकनेसरची पाच एचपीची थ्री फेज मोटर बुडाच्या मागच्या बाजूला बिजागरीच्या प्लेटवर टांगलेली असते. बेल्ट उतरवला आणि चार बोल्ट सोडवले की मोकळी होते. ती बाहेर आलेली असल्यामुळे तीन फुटी दारात अडकते आणि वाहतुकीच्या हादऱ्यांनी प्लेट वाकवते. त्यामुळे वायरींना खुणा करून मोटर आधी काढणं हेच योग्य. त्याच्या माणसांनी ती काढली, वायरींना चिकटपट्ट्या लावल्या, सगळं शिस्तीत केलं आणि ‘मागं आदळायची’ म्हणून केबिनमध्ये ठेवली. पुढचं सगळं त्या केबिनमधल्या मोटरीच्या जोरावर झालं. मोटर, फेन्स (लाकूड सरळ धरायची पट्टी), हँडव्हील आणि ब्लेडची पेटी सुटी केली की ती मालकाच्या ताब्यात गेली पाहिजे. गाडीवाल्याच्या केबिनमध्ये एक पान्हासुद्धा ठेवू नका.

आता काटा. लोडिंग झाल्यावर गाडी वजनकाट्यावर गेली आणि पावती आली: भरलेली ४,०२० किलो, रिकामी १,८४०, निव्वळ २,१८०. “साहेब, वजन डबल निघायलंय. ओव्हरलोड धरला तर वीस हजार दंड आहे, मोठी गाडी लावावी लागंल.” दंडाचा आकडा खोटा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० असा दंड आहे. गाडीबदलाचे ६,५०० तिथेच गेले.

ती पावती हातात होती, आणि सगळं त्या पावतीवरच छापलेलं होतं. रिकाम्या गाडीच्या वजनाची वेळ ११:४२. भरलेल्या गाडीची ११:४६. सव्वा टनाचे दोन नग हायड्राने उचलून, गाडीत बसवून, ठोकळे मारून, रस्से आवळून गाडी पुन्हा काट्यावर यायला चार मिनिटं? पाऊण तासाच्या आत ते होत नाही. वजनाचा आकडाच दुसऱ्या कुठल्या तरी भरलेल्या गाडीचा होता. काट्यावर गाडीचा नंबर ऑपरेटर हाताने टाइप करतो, तो कोणताही टाकता येतो. पॅकिंग लिस्ट पुढे केली तर म्हणाला, त्यात लाकडी पेटीचं वजन धरलेलं नसतं. पेटी पाइनची. वरचे ९४० किलो पाइनचे धरले तर ते ६५ घनफुटांच्या पुढे जातं! दोन्ही पेट्यांत मिळून सात-आठ घनफूट लाकूड नव्हतं. लाकूड घनफुटात मोजणाऱ्यांच्या समोर हे खपलं याची चीड आजही जात नाही. पण हायड्रा तासावर उभा, गोडाऊनवाला गेट बंद करायच्या घाईत आणि मागे दोन ट्रक हॉर्न मारत उभे. अशा वेळी माणूस निव्वळ वजन बघतो, वेळ बघत नाही, आणि त्यांना हे पक्कं ठाऊक असतं. ‘मोठी गाडी’ तर आलीच नाही. त्याच पिकअपमधून माल निघाला, “चेकिंगवाल्याशी बोलणं झालंय” म्हणून. ६,५०० परत मागितले तर मोटर केबिनमध्ये, गाडी रस्त्याला लागलेली.

निघण्याआधी विम्याचे २,७५० घेतले होते. हातात दिला तो छापील कागद: वर ‘ट्रान्झिट विमा’, खाली सही-शिक्का. विमा कंपनीचं नाव नाही, पॉलिसी नंबर नाही, कुठून कुठपर्यंत तेही नाही. विमा काढायचा तर गाडी हलण्याआधी स्वतः काढा. राजकोटहून माल निघताना बिल्टीवर (ट्रान्सपोर्टच्या पावतीवर) मालाची किंमत लिहायला लावा आणि जोखमीचा जादा दर भरा, नाहीतर काही फुटलं तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या पटीतच अडकून राहते.

जालन्यात हायड्रा मिळायची अडचण नाही, एमआयडीसीत सळयांचे कारखाने आहेत. पण वस्तीतल्या गल्लीत काळी माती आणि वर मुरमाचा पातळ थर. अशा जमिनीत हायड्राची पुढची चाकं भार उचलल्यावर रुततात, हेही खरंच. त्याचे ४,८०० ‘जादा तासांचे’ मागितले. जागा दोन दिवस आधी बघून चाकांखाली लोखंडी प्लेटा किंवा जाड फळ्या टाकायच्या असतात, तारांची उंची बघायची असते आणि बूम किती लांब जाणार ते मोजायचं असतं. बारा टनाचा हायड्रा बूम पूर्ण काढल्यावर बारा टन उचलत नाही, फार कमी उचलतो. भाव ठरवतानाच विचारा: किमान किती तास धरणार, येण्याजाण्याचा वेळ त्यात की वेगळा, प्लेटा कुणाच्या. उत्तर लेखी घ्या.

मग वाराई, म्हणजे माल उतरवण्याची हमाली. पाच जण आले आणि युनियनच्या नावाचं पॅड काढून ५,२०० ची पावती फाडली. माथाडी कायदा १९६९ चा आहे आणि तो कष्टकरी हमालांच्या संरक्षणासाठी आहे. नोंदणीकृत टोळीच्या कामगारांकडे ओळखपत्र असतं आणि मजुरी मंडळामार्फत जाते. या पावतीवर नोंदणी क्रमांकच नव्हता. ज्यांनी पावती फाडली त्यांनी मशीनला हातसुद्धा लावला नाही. पाठीवर ओझी वाहणाऱ्यांच्या नावावर हा धंदा चालतो, याचा संताप वेगळाच आहे.

या सगळ्या ओढाताणीत थिकनेसर हायड्राच्या हुकावर लटकत होता, आणि तोही चुकीच्या जागी बांधून. उचलायचा बेल्ट बुडाखालून न घेता टेबलाखालून घेतला होता. थिकनेसरचं टेबल चार उभ्या स्क्रूवर तोललेलं असतं. ते स्क्रू वरून येणारा दाब झेलतात, ७८० किलोचा उलटा ओढा झेलायला ते केलेलेच नाहीत. बेल्ट बुडाखालून दोन जागी घ्यायचा, कटर ब्लॉक (पात्यांचा फिरता दंड) आणि रोलरला घासत असेल तिथे लाकडी ठोकळा द्यायचा. बँडसॉचा ब्लेड आधी ढिला करायचा, वरचा गाइड खाली आणायचा आणि उचलायचं ते फ्रेमला, टेबलाला कधीच नाही. नायलॉन बेल्टचा रंग बघा: जांभळा एक टनाचा, हिरवा दोन टनाचा, पिवळा तीन टनाचा. बेल्टचे दोन पदर जितके आडवे पसरतील तितका प्रत्येकावरचा ताण वाढतो. जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला की प्रत्येक पदरावर जवळपास पूर्ण मशीनचा भार येतो. बीडाचं (ओतीव लोखंडाचं) टेबल वाकून इशारा देत नाही, थेट तडकतं.

मशीन दाराच्या उंबऱ्यावर अर्धं आत, अर्धं बाहेर असताना उरलेले ८,५०० आणि ‘वेटिंग’चे १,५०० मागितले. “द्या, नाहीतर बेल्ट सोडून चाललोत.” घरात मुलं, दारात पाऊण टन लोखंड, मोटर त्याच्या केबिनमध्ये. पैसे दिले. दुसरं कुणीही असतं तरी दिलेच असते.

खरं तर उंबऱ्यापासून पुढे हायड्राही लागत नाही. दीड इंची जीआय पाइपचे चार तुकडे, बुडापेक्षा चार-चार बोटं लांब. फरशीवर १८ मिलिमीटरचा प्लाय. पहारीने एक टोक इंचभर उचलायचं, लगेच ठोकळा सरकवायचा, मग दुसरं टोक. ठोकळ्याशिवाय बोट खाली जाता कामा नये. पाइप मागून निघाला की पुढे टाकायचा. उतार असेल तर मागून चेन पुली बांधून मशीन अडवून धरायचं, हाताने रोखायचा प्रयत्न नको. बँडसॉचा भार वरच्या चाकात असतो, त्यामुळे तो पाइपवर एका माणसाने ढकलायचा नाही, दोघांनी दोन बाजूंनी धरायचा. गावातला अनुभवी मिस्त्री आणि तीन माणसं हे काम दिवसाच्या मजुरीत करतात.

ताबा घेतल्याची सही करण्याआधी थिकनेसरचं हँडव्हील खालपासून वरपर्यंत फिरवून बघा. मध्ये जड जात असेल तर स्क्रू वाकला आहे. टेबलाच्या दोन्ही कडांना एकाच मापाचा ठोकळा ठेवून कटर ब्लॉकपर्यंतची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्त्यांनी) मोजा. आमच्या मशीनमध्ये दोन कडांत ०.८ मिलिमीटरचा फरक निघाला. अशा मशीनमधून काढलेली फळी एका कडेला जाड आणि दुसरीकडे पातळ येते, जोड कधीच बसत नाही. स्क्रू, पितळी नट आणि टेबल पुन्हा लेव्हल करण्याची मजुरी मिळून ११,४०० लागले.

आता तक्रारीचं. लोडिंग एका जिल्ह्यात, अनलोडिंग दुसऱ्या, म्हणून एका पोलीस ठाण्याने दुसरीकडे पाठवलं आणि दुसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. ‘पैसे तुम्हीच दिलेत ना?’ ‘हा दिवाणी मामला आहे.’ ‘एनसी (अदखलपात्र नोंद) घेतो, सही करा.’ काट्याची पावती दाखवली, वेळेवर बोट ठेवून दाखवलं, तर ‘घड्याळ चुकलं असंल’. दारात मशीन अडकवून पैसे उकळणं हा व्यवहाराचा वाद कसा काय? १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला कलम ३१८ आहे, आणि ३१८(४) मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ सांगतं की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावीच लागते. हे कलम ठाण्यातल्या माणसाला वाचून दाखवावं लागलं, आणि त्यावर मिळालेलं उत्तर होतं, ‘मग कोर्टात जा’. बँकेने सांगितलं, व्यवहार तुमच्या पिनने झालाय, आमचा संबंध नाही. वजनमापाच्या कार्यालयात काट्यावर त्या वर्षीचा शिक्का आहे एवढंच बघितलं. पावतीवर दुसऱ्या गाडीचं वजन कसं आलं, हा प्रश्न त्यांना आपला वाटला नाही. प्रत्येक टेबलावर तीच कागदं, तेच झेरॉक्स, आणि प्रत्येकाच्या चेहऱ्यावर एकच भाव: शिकलेले दिसता, तरी फसलात? फसवणाऱ्याला एक प्रश्न नाही, फसलेल्याची मात्र उलटतपासणी!

ठाण्यात घेत नसतील तर १७३(४) प्रमाणे तक्रार पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा आणि पोचपावती जपा. त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. ऑनलाइन पैसे देऊन पलीकडचा गायबच झाला असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. काट्याची पावती थर्मल कागदाची असेल तर त्याच दिवशी झेरॉक्स आणि फोटो काढा, अक्षरं उडून जातात. वाहतूकदाराने माल फोडला असेल तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्याप्रमाणे बुकिंगपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलीच पाहिजे, तोंडी भांडणाला किंमत नाही.

जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे, आमचा अर्ज तिथेच टाकला आहे. पाच लाखांपर्यंत फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. अर्जात एक वाक्य विसरू नका: मशीन स्वतःच्या हाताने काम करून उपजीविका चालवण्यासाठी घेतलं आहे. ते नसेल तर समोरचा पहिल्याच तारखेला ‘व्यापारी वापर’ म्हणून अर्ज उडवायला बघतो. सोबत व्हॉट्सअ‍ॅपवरचा ठरलेला भाव, यूपीआयच्या सगळ्या नोंदी, काट्याची पावती, पॅकिंग लिस्ट, वाराईची पावती आणि दुरुस्तीचं बिल लावा. रोख दिलेले पैसे सिद्ध करणं फार अवघड जातं. आमचे वाराईचे ५,२०० रोख गेले होते, आणि त्याला पुरावा म्हणून आता त्यांचीच ती बिननंबरी पावती लावली आहे.