नवी चेन, जुनं फ्रीव्हील: काही महिने चालवल्यानंतर

ऑगस्ट २०२४ मध्ये इथे वडोदऱ्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरलं आणि माझ्या सात गिअरच्या जुन्या सायकलची चेन गाळात बुडाली. धुतली, तेल घातलं, रेटली. कड्या अडकायला लागल्यावर शेवटी नवी टाकली. पहिल्याच आठवड्यात लालबाग पुलाच्या चढावर उभं राहून पॅडल मारताना चेन खाडकन घसरली आणि गुडघा हँडलवर आपटला. रोज वापरतो नेमका तोच गिअर घसरत होता, बाकीचे नाहीत. चेनला एकच स्टार द्यायचं तेव्हाच ठरवलं.

आता मत बदललंय. चेन उत्तम आहे. झिजलं होतं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच, आणि दुकानात जुनी चेन मोजली असती तर ते दोन मिनिटांत कळलं असतं. नव्या चेनच्या बारा इंचांत चोवीस कड्या, पिनच्या मध्यापासून पिनच्या मध्यापर्यंत. तेवढ्याच कड्यांत अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) वाढ असेल तर नुसती चेन बदलून भागतं. पूर्ण सूत वाढली की मागचे दातेही गेलेच समजा. घरी पट्टी लावली तर माझी सूतभराच्याही वर! दुकानदार मात्र 'चालशे' (चालेल) म्हणून मोकळा.

खरा संताप पुढे आहे. फ्रीव्हील आट्यांवर बसतं आणि प्रत्येक पॅडलनिशी आणखी घट्ट होतं. ते काढायला खाचांत बसणारा पाना मिळतो, टायरपेक्षा स्वस्त. तरी दोन दुकानांत छिन्नी-हातोडा बाहेर आला! छिन्नीने वरची चकती सुटते, छर्रे सांडतात, आणि आटे जागचे हलत नाहीत. सायकल दुरुस्त करणाऱ्याकडे हा पाना नसावा? मी तो विकत घेतला. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत एका ओळखीच्या टर्नरने तो व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या शिकंज्यात, आवळला, वर चाक ठेवलं, आणि बसच्या स्टिअरिंगसारखं दोन्ही हातांनी धरून डावीकडे फिरवलं. कट्ट आवाज, काम झालं. चाकाच्या हबच्या आट्यांना ग्रीस लावून शिमानोचं १४ ते २८ दात्यांचं नवं फ्रीव्हील बसवलं.

त्यानंतर एकदाही घसरली नाही. दुकानदार क्रँकही, म्हणजे पॅडलचे दांडे आणि पुढच्या दातेरी चकत्या, बदलायला सांगत होते. नाही बदलला. पुढच्या चकत्यांना दाते जास्त, झीज कमी. त्या मजेत चालल्यात.

तिसऱ्या गिअरवर किंचित खरखर आहे, केबल जुनीच असल्यामुळे. तिच्यावर खर्च दिवाळीनंतर.