एचएसएस की कार्बाइड: किती टिकतं याआधी कसं संपतं ते पाहा

धातू कापायचं टूल घेताना पहिला प्रश्न असतो, ‘किती टिकेल?’ माझा आग्रह वेगळा आहे. ते झिजत झिजत संपणार की अचानक तुटणार, हे आधी बघा.

समजा, एका इन्सर्टच्या (टूलवर बसवायच्या, बदलता येणाऱ्या कापणाऱ्या तुकड्याच्या) तीन धारांनी ४०, ४२ आणि ३८ जॉब (कापून तयार करायचे नग) काढले, आणि दुसऱ्याच्या तीन धारांनी ७०, २५ आणि ५५. सरासरीत दुसरा सरस. पण कुठली धार २५ वर जाईल हे आधी कळत नाही, म्हणून तो पंचविशीच्या आतच बदलावा लागतो. पहिला मात्र ३५ पर्यंत निर्धास्त चालवता येतो. मी पहिलाच घेईन.

आता एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, आणि कार्बाइड, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचं जास्त कडक टूल. दोघांमधला खरा फरक उष्णतेचा आहे. एचएसएसची धार साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे मऊ पडते, कोपरा निळसर होऊन बसतो आणि मग काही क्षणांत खेळ संपतो. कार्बाइड त्याहून बऱ्याच जास्त तापमानाला कडक राहतं. अमेरिकन अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये मांडलेल्या, कटिंग स्पीड आणि टूलचं आयुष्य जोडणाऱ्या समीकरणात हे आकड्यांत दिसतं. त्यातला घातांक (जितका लहान, तितकं स्पीड वाढवल्यावर आयुष्य जास्त घटतं) एचएसएससाठी ०.१२५ आणि कार्बाइडसाठी ०.२५ च्या आसपास धरतात. म्हणजे तासभर टिकणाऱ्या टूलचा कटिंग स्पीड १० टक्क्यांनी वाढवला, तर एचएसएस २८ मिनिटांवर येतं आणि कार्बाइड ४१ वर. स्पीड २० टक्क्यांनी वाढवला तर एचएसएसचं आयुष्य चौथाईहूनही खाली जातं, कार्बाइडचं निम्म्यावर थांबतं. स्पीडच्या बाबतीत एचएसएस चूक माफ करत नाही.

धक्क्यांच्या बाबतीत मात्र उलट. मशीन थरथरत असेल, आरपीएम कमी असेल, कट तुटक असेल, तर चिवट एचएसएस तग धरतं आणि कार्बाइडचा कोपरा उडतो. त्यातून एक गैरसमज फार नुकसान करतो: ‘कार्बाइड जपून, हळू चालवू.’ माइल्ड स्टीलवर स्पीड कमी ठेवला की धारेवर धातूचा थर चिकटतो. तो सुटताना कार्बाइडचे कण उपटून नेतो. भिंगाखाली अशी धार कुरतडल्यासारखी दिसते. निरोगी झीज वेगळी असते: धारेखाली एकसारखा, चकचकीत, अरुंद पट्टा. आयएसओ ३६८५ या मानकात हा पट्टा एकसारखा असेल तर सरासरी ०.३ मिमी रुंदी झाली की टूलचं आयुष्य संपलं असं मानतात. पट्टा सुरुवातीला भरभर वाढतो, मग बराच वेळ संथ राहतो आणि शेवटी एकदम धावतो. तो धावायला लागण्याआधी टूल काढायचं.

एचएसएस ड्रिलला तर हे दुप्पट लागू आहे. त्याला पुन्हा धार लावता येते, पण झिजलेला भाग पूर्ण घासून काढावा लागतो. आवाज करेपर्यंत चालवलेला ड्रिल ग्राइंडरवर कितीतरी जास्त लांबी गमावतो.

कार्बाइड ठरलं तर वर पातळ संरक्षक थर असलेला, म्हणजे कोटिंगवाला इन्सर्ट की साधा? स्टीलवर वेगाने टर्निंग (जॉब फिरवत ठेवून कापणं) करताना गरम चिप (कापून निघालेला धातू) टूलच्या वरच्या पृष्ठभागावर घासत जाते, कार्बाइडमधलं कार्बन चिपमध्ये उतरतं आणि धारेमागे खड्डा पडतो. तो खोल होत धारेपर्यंत आला की धार ढासळते. ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर हीच देवाणघेवाण रोखतो, म्हणून इथे कोटिंगला पर्याय नाही. टर्निंगला जाड सीव्हीडी (रासायनिक वाफेतून बसवलेला) थर चांगला. धार तीक्ष्ण हवी असेल तिथे, मिलिंग कटर (फिरत्या दातांनी कापणारं टूल) किंवा ड्रिलवर, पातळ पीव्हीडी (भौतिक वाफेतून बसवलेला) थर बरा. ॲल्युमिनियमच्या जॉबवर मात्र साधा, पॉलिश केलेला इन्सर्टच घ्या.

मिलिंगमध्ये कुलंटचाही (गार करणाऱ्या द्रवाचाही) विचार करा. दात कटात तापतो, बाहेर आला की गार होतो, आणि धारेला काटकोनात कंगव्यासारख्या भेगा पडतात. स्टीलवर कोटिंगवाल्या कार्बाइडला अर्धवट, थेंब-थेंब कुलंट देण्यापेक्षा कोरडं चालवून हवेच्या झोताने चिप्स उडवलेल्या बऱ्या.

सीबीएन (क्यूबिक बोरॉन नायट्राइड) ४५ एचआरसीच्या (रॉकवेल कडकपणाचं माप) वरच्या कडक स्टीलसाठी. हिरा स्टीलला लावू नका, लोखंड त्याचं कार्बन खातं.

दोन टूल्सची चाचणी घेताना मटेरियल, फीड, स्पीड, कुलंट सगळं तेच ठेवा, प्रत्येकाच्या निदान पाच धारा चालवा, आणि वहीत जॉबच्या संख्येशेजारी धार कशाने गेली तेही लिहा: पट्टा, खड्डा, भेग की तुटका कोपरा.